दंडवतकाका

फोन वाजला की लोक ‘हॅलो’ म्हणतात. भंडाऱ्यातले आमचे दंडवतकाका ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात आणि फोन कानाला तसाच धरून कमरेत वाकतात. पलीकडच्याला हे दिसत नाही, असं काकूंनी हजारदा सांगून झालंय. “त्याले नाही दिसत, मले तं दिसते नं जी!”

काका महानुभाव पंथाचे, आणि ‘दंडवत प्रणाम’ हा त्या पंथाचा नमस्कार. तेराव्या शतकात पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी हिंडत हिंडत भंडाऱ्याला आले, इथला नीळभट त्यांच्या मागे निघून गेला आणि ‘भांडारेकार’ म्हणून लीळाचरित्रात कायमचा राहिला. काका हे अशा थाटात सांगतात, की नीळभट परवाच खांब तलावावरून गेला आणि जाताना यांना सांगून गेला.

एकदा मी पांडित्य दाखवायला गेलो. म्हटलं, त्या काळात युरोपात पाद्री लोक तलवारबहाद्दरांना दुबळ्यांचं, बायाबापड्यांचं रक्षण करायची शपथ घालत. त्या रीतीला शिव्हलरी म्हणतात, शब्द फ्रेंच घोड्यावरून आलाय. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

“घोडा कायले पायजे जी? स्वामी तं पायीच हिंडले. पारध्याच्या तावडीतून सुटलेला ससा त्यांच्या मांडीखाली शिरला, तं तलवार काढली का त्यांनी? बोलत बसले पारध्यांशी. ससा वाचला.”

काकांकडे घोडा नाही, लूना आहे. वाटेत जो भेटेल त्याला दंडवत करायचा म्हणून ते दोन्ही हात सोडतात. आतापर्यंत दोनदा धानाच्या बांधीत गेलेत. दुसऱ्या वेळी ज्याची बांधी होती त्यालाही चिखलातूनच दंडवत घातला. बिचारा शिव्या द्यायला आला होता, चहा पाजून गेला.

खरा वैताग बसस्टँडवर. तुमसरची गाडी लागली की काका दाराशी उभे. “चढा जी माय, चढा जी भाऊ.” शाळेच्या पोरालाही ‘जी’. मागच्या मंडईच्या जत्रेला त्यांना त्यांच्यासारखाच एक पंथबंधू दारात भेटला. आधी तुम्ही, नाही जी, आधी तुम्ही. कंडक्टरने दोघांना दंडवत घातला आणि घंटी मारली. पुढच्या गाडीची वाट बघत मी त्यांच्याबरोबर दीड तास बसलो. ते दोघं मजेत होते.

परवा काकांना बँकेच्या नावाने लुबाडणाऱ्याचा फोन आला. खातं बंद होईल, नंबर सांगा. काकांनी दंडवत घातला, जेवलात का विचारलं, गाव विचारलं, घरी आई आहे का विचारलं, आवाज बसलाय तर हळद-दूध घ्या म्हणाले. अर्ध्या तासाने त्यानेच फोन ठेवला. काका अस्वस्थ. निरोपाचा दंडवत राहून गेला होता. त्यांनी तोच नंबर उलटा लावला. बंद.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एकदा लावून बघतात.