सायकलीचा गंज : कारणे, उपाय आणि नातेवाईक

प्रस्तुत मार्गदर्शन सोलापूर शहर व परिसरातील पोलादी सायकलधारकांसाठी आहे. पोलादी म्हणजे काळ्या रंगाची, सोनेरी रेघांची, २२ किंवा २४ इंची फ्रेमची, दांड्यांच्या ब्रेकची सायकल. ती उचलून जिना चढायचा प्रसंग आला की घरातले तरुण अचानक अभ्यासाला बसतात. ॲल्युमिनियमची, एकवीस गिअरची सायकल हाकणाऱ्यांनी पुढे वाचू नये. त्यांची फ्रेम अशी तांबूस गंजत नाही. फार तर एक दिवस तडकते, पण तो स्वतंत्र विषय आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पण पुढे ते नांगराकडे वळले. सायकलीची निगा तेव्हापासून आपल्यावर येऊन पडली आहे.

प्रथम आरोपी निश्चित करू. गंज दिसला की सोलापूरकर पावसाला दोष देतो. ‘औंदा पाऊसच नाही’ असे म्हणणाराही तोच असतो. वस्तुस्थिती अशी की रत्नागिरीत जेवढा पाऊस पडतो त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आपल्या वाट्याला येतो, आणि त्यातलाही मोठा भाग सप्टेंबरमध्ये, इतर गावे छत्र्या मिटवत असताना. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली असली की स्वच्छ लोखंड गंजायला सहसा राजी नसते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवेत ओल शोधायची तर घामाखेरीज कुठे सापडत नाही. थोडक्यात, सायकल टिकवण्यासाठी निसर्गाने या जिल्ह्यावर जेवढी कृपा केली आहे तेवढी पिके टिकवण्यासाठी केलेली नाही.

दिल्लीतला मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्याचा पृष्ठभागावर पातळ संरक्षक थर झाला, शिवाय दिल्लीची हवा वर्षातला बराच काळ कोरडी, असे आयआयटी कानपूरच्या बालसुब्रमण्यम यांच्या अभ्यासातून पुढे आले. तिसरे कारण आमचे : त्या स्तंभाला दर खंडेनवमीला कोणी बादलीभर पाण्याने न्हाऊ घालत नाही.

इथे आपण मूळ मुद्द्यावर आलो. सोलापुरात सायकल हवेने गंजत नाही, प्रेमाने गंजते.

दसऱ्याच्या पूजेचा क्रम पाहा. सप्टेंबरचा पाऊस नुकताच ओसरलेला, जमीन ओली. शहराच्या पूर्व भागात मागांची पूजा चाललेली, म्हणून आपणही सायकल बाहेर काढतो आणि तिला सचैल स्नान घालतो. सीट पिनेच्या खाचेतून, हँडलच्या गळ्यातून, ॲक्सलच्या नळीतून पाणी आत शिरते आणि निघायचे नाव घेत नाही. मग हेड ट्यूबवर ओल्या हळदी-कुंकवाची बोटे. मग पुढच्या चाकाशी नारळ. नारळाच्या पाण्यात साखर असते, पोटॅशियमचे क्षार असतात. देवाला चालतात, रिमला नाही. लिंबू म्हणजे तर उघडउघड आम्ल. शेवटी हँडलला झेंडूची जाड ओली माळ, आणि ती कोजागरीपर्यंत काढायची नाही, कारण काढायची कोणी यावर घरात एकमत होत नाही. माळेखालची ओल, वर चिकटलेले कुंकू, खाली क्षार. लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू एवढेच लागते, मीठ मिळाले की काम लवकर होते. आपण त्याला ताट वाढून, वर उदबत्ती लावून देतो.

पूजा बंद करा असे कोणी म्हणत नाही. कोरडी करावी : अक्षता, एक सुटे फूल, नारळ सायकलीपासून हातभर लांब. संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी. लिंबू चाकाखाली न ठेवता सरबताला वापरले तर दृष्ट लागत नाही, असा आमचा अनुभव आहे.

धुण्याविषयी. गावात नळ चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतो. त्यामुळे सायकल धुणे ही स्वच्छता उरत नाही, श्रीमंतीचे प्रदर्शन होते. नळ नसलेल्या दिवशी बोअरच्या पाण्याने धुतात. ते पाणी जड, वाळले की फ्रेमवर पांढरे डाग ठेवून जाते. शिवाय टंचाईत हीच सायकल दोन बाजूंना प्लॅस्टिकच्या घागरी लटकवून पाणी आणते, म्हणजे तिला आंघोळ वाहतानाही होते आणि पोचल्यावरही. एका जुन्या मिस्त्रीला फ्रेमवर कोणते पॉलिश मारावे असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, “पॉलिश ऱ्हाऊ द्या की ओ काका. आधी पाणी मारायचं बंद करा. धुता कशाला? पुसा की.” या विषयावरचा संपूर्ण ग्रंथ एवढाच आहे, बाकीचे आम्ही जागा भरण्यासाठी लिहीत आहोत.

पुसायला काय घ्यावे? १८७७ साली जुनी मिल उभी राहिल्यापासून या गावाने देशाला चादरी दिल्या, टॉवेल दिले, आणि गॅरेजवाल्यांना वेस्ट दिले. मागाखालून निघालेल्या सुताच्या त्या गुंत्याइतके तेल टिपणारे दुसरे काही नाही. पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात ते किलोवर मिळते. सोलापुरात राहून सायकल पुसायला नायलॉनचा ब्रश आणणाऱ्यांबद्दल न बोललेले बरे.

चादरीचा मोह मात्र टाळावा. जुनी चादर सायकलीवर पांघरून, दोरीने आवळून, ‘आता काही बघायला नको’ म्हणणारे पुष्कळ आहेत. जाड सुती चादर रात्रीचा दमटपणा पिते आणि सकाळी उन्हाने वाळायच्या आत फ्रेमला परत देते. त्याहून वाईट सवय नव्या सायकलीचे कारखान्यातले प्लॅस्टिक न काढण्याची. त्याखाली शिरलेल्या पाण्याला हवा मिळत नाही, आणि लोखंडाचा स्वभाव असा विचित्र की जिथे प्राणवायू कमी पोचतो तिथलाच धातू विरघळतो. वरून दांडी नवरीसारखी गुंडाळलेली, आत पापुद्रे सुटलेले. रेक्झिनचे कव्हर आणि रंगीत टेप यांनाही हेच लागू.

घाम आणि चटणी हे दोन शत्रू नेहमी दुर्लक्षित राहतात. मे महिन्यात सात रस्त्यापासून होटगी रोडपर्यंत जाऊन आलेल्या माणसाच्या कपाळावरून दांडीवर जे पडते ते मीठ असते. उन्हात ते लगेच वाळते, दिसतही नाही. पण मीठ हवेतली ओल ओढते, आणि ते सप्टेंबरची वाट पाहत दांडीवरच बसून राहते. चटणीचा प्रकार तसाच. हँडलला लटकवलेल्या डब्यातून शेंगाचटणीचे तेल पाझरते, त्यासोबत मीठही येते. आमचे एक शेजारी म्हणतात, तेल आहे म्हणजे गंज धरणार नाही. शेंगदाण्याचे तेल सुकत नाही, चिकट होते. मग त्यावर रस्त्यावरची धूळ बसते, आणि चटणीचा वास असलेली एक उत्तम पॉलिश पेस्ट तयार होते. ती रंग घासते.

जळके ऑइल फासणाऱ्यांचेही तेच. फ्रेमवर चकाकी येते, आठवड्याने धुळीचा थर येतो, आणि पाहुणे पांढऱ्या पँटवर पुरावा घेऊन जातात. तेल लागते ते आत. तिथे जवसाचे, म्हणजे रंगवाल्याकडे मिळणारे ‘बॉइल्ड’ तेल घ्यावे. ते हवेत सुकून कातडीसारखा थर धरते. करडई आपल्याच शिवारातली. तिचे तेल तापवून घट्ट केले की रोगण होते, आणि पाण्यात राबणाऱ्या चामड्याला ते पूर्वी लावत. पण ते घरी करायला गेल्यास स्वयंपाकघरातून हकालपट्टी होते, तेव्हा विकतचे बरे. ओव्हरऑइलिंगला सायकल पूर्ण उघडली की सीटच्या नळीतून दोन-तीन चमचे ओतावे, फ्रेम सगळ्या बाजूंना कलती करावी, जास्तीचे खालून गळू द्यावे, दोन-तीन दिवस सुकू द्यावे. तेल पुसलेले फडके मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाच्या तेलाची फडकी आपोआप पेटतात. बाहेर पसरून वाळवावीत. ही एवढी सूचना गंभीरपणे घ्यावी.

त्याच वेळी सीट पिन बाहेर काढून ग्रीस लावावे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो नळी आणि पिनेच्या मधल्या फटीत फुगला की पिन कायमची बसते, आणि मग घरातल्या सर्वांना एकाच उंचीचे व्हावे लागते. क्रँकखालच्या नळीच्या तळाला भोक असल्यास तारेने मोकळे करावे. फ्रेमचा नंबर पुष्कळदा तिथेच खालच्या बाजूला कोरलेला असतो. तो गंजात जाण्याआधी वहीत लिहून ठेवावा. सायकल चोरीला गेल्यावर पोलीस नंबर विचारतात, आणि ‘काळी, डबल बार, कॅरिअर वाकडं’ या वर्णनाच्या सायकली त्यांच्या आवारातच दहा-बारा उभ्या असतात.

डाग पडलाच तर पॉलिश पेपरने लोखंड पांढरे दिसेपर्यंत घासावे, कोरडे करावे आणि त्याच तासात प्राइमर मारावा. ‘उद्या मारू’ म्हणून ठेवलेले उघडे लोखंड उद्यापर्यंत पुन्हा लाल होऊ शकते. प्राइमर म्हणजे रेड ऑक्साइड. त्या डब्यातला लाल रंग हाच मुळी लोहाचा ऑक्साइड असतो, म्हणजे जो घासून काढला त्याचाच भाऊबंद आपण पैसे देऊन पुन्हा लावतो. पूर्वी यासाठी शिशाचा शेंदूर वापरत, मारुतीला लावतात त्याच जातीचा. गंजावर तो गुणकारी, पण शिसे विषारी म्हणून मागे पडला. मारुतीने त्याबाबत तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

झिजेबद्दल थोडक्यात. ब्रेकची दांडी, कुलपाची साखळी, दुधाचे कॅन जिथे घासतात तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा बांधावा आणि दर पावसाळ्यानंतर सोडून खाली पाहावे. मेहरौलीच्या स्तंभाला लोक कवटाळून कवटाळून कमरेच्या उंचीवर तो गुळगुळीत झाला, तेव्हा १९९७ साली त्याभोवती कुंपण घालावे लागले. आपल्या सायकलीभोवती कुंपण घालता येत नाही, कारण तिला नातेवाईक असतात.

हा सर्वांत अवघड भाग. ‘पाच मिनिटांत आणतो’ म्हणणारा मेहुणा ट्रिपल सीट जातो, आणि सायकल परत येते तेव्हा पुढच्या चाकाचा चिमटा किंचित मागे गेलेला असतो. चिमट्याच्या मुळाशी रंगाला सुरकुती पडली असेल तर ती रंगाची सुरकुती समजू नये. आत फ्रेम दबली असण्याची शक्यता आहे. नाही म्हणणे सोलापुरी माणसाला जमत नाही. म्हणून मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह सैल ठेवावा आणि पंप शेजाऱ्याकडे असल्याचे सांगावे. शेजाऱ्यालाही ही कल्पना आधी देऊन ठेवावी.

एवढे करूनही नाण्याने ठोकल्यावर नळी टण्ण न वाजता बद्द वाजली, किंवा दाभण आत गेला, तर गॅसवर पितळेचा जोड देणाऱ्याकडे जावे. गेटवाल्या वेल्डरकडे नेऊ नये. त्याचा हात भक्कम असतो आणि फ्रेमची नळी पातळ. जिथे भोक होते तिथे तो खिडकी करून देतो. जोडणाऱ्यानेही मान हलवली तर भंगारवाल्याला बोलवावे, वजन आपल्या समोर करून घ्यावे, आणि त्याआधी सीट, घंटी व कुलूप काढून ठेवावे. कुलपाची किल्ली बऱ्याच वर्षांपासून सापडत नसली, तरीही.