सप्लायचं मूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. व्होल्टेजचं मात्र विचारावं, आणि समोरचा रडकुंडीला येईतो विचारावं, अशा मताचा एक प्राणी कागल पंचतारांकित एमआयडीसीत आढळतो. फाउंड्रीच्या भट्टीचं तापमान नोंदवणारे लिनक्स बोर्ड बनवणारी एखादी शेड गाठा. आत शिरताच त्याचा आवाज येईल. कपाळावर चष्मा, खिशात टेस्टर, हातात सर्किटची चहा सांडलेली प्रिंट.

नवं पोरगं डिव्हाइस ट्रीची, म्हणजे बोर्डावर काय काय आहे हे लिनक्सला सांगणारी, फाइल घेऊन आलं, की हा थेट सेन्सरच्या नोडवर बोट ठेवतो.

"ह्याला सप्लाय कोण देतंय?"

"३.३ व्होल्ट हाय की सर, बोर्डावर."

"आभाळातनं पडला व्हय?"

मग वंशावळ निघते. पॅनेलमधले २४ व्होल्ट, त्यातनं ५, त्यातनं ३.३. व्होल्टेज उतरवणाऱ्या प्रत्येक रेग्युलेटरचा नोड वेगळा, प्रत्येकाचा बाप नोंदवलेला. आकडा मायक्रोव्होल्टमध्ये, ३३०००००. शून्यं हा बोटांवर मोजतो. डेटाशीटमध्ये पिनचं नाव 'व्हीडीडी' असेल, तर सप्लायचं नावही तेच. ड्रॉइंगमधलं लाडाचं नाव चालत नाही.

पोरांचा जप एकच: "चालतंय की सर!" आणि खरंच चालतं. सप्लाय सापडला नाही, तर लिनक्सचा कर्नल 'डमी रेग्युलेटर' धरल्याची ओळ लॉगमध्ये टाकून बहुतेकदा पुढं जातो. राजकारणाचं विद्यापीठ म्हणवणाऱ्या कागलात डमी उमेदवार शेंबड्या पोरालाही कळतो, पण बोर्डावरचा डमी ह्याला खपत नाही.

परवा बोर्ड झकास सुरू झाला आणि अर्ध्या मिनिटानं सेन्सर गप्प. रेग्युलेटर बूटलोडरनं चालू ठेवलेला, पण सेन्सरच्या नोडात त्याचं नाव नाही. बूटनंतर ३० सेकंदांनी कर्नलनं तो बिनवापराचा समजून बंद केला. पोरानं 'ऑलवेज-ऑन' ठोकलं. हा उखडलाच.

"बंद करता येणाऱ्याला कायम चालू लिहितोस? अरं, हा हार्डवेअरचा सातबारा हाय. जे हाय तेच लिवायचं!"

रेग्युलेटरची ही व्यवस्था लिनक्समध्ये २००८ पासून आहे. ह्याच्या डोक्यात जन्मापासून. कँटीनमध्ये पांढऱ्या रश्श्याचा नारळ कुठला, हेही तो विचारतो. सोयरिकीच्या बैठकीला तर त्याला नेतच नाहीत.

जेवायला शेजारी दुसरं कुणीही घ्या. बोर्ड मात्र ह्यानंच तपासलेला घ्या.