शून्य नंबरचं झबलं

अजून जन्माला न आलेल्या माणसाला भेट देण्यात एक मोठी सोय असते. आवडली नाही तरी ते बोलून दाखवत नाही. ते खातं त्याच्या आजीकडे असतं.

दिवाळीत माझ्या भाचीला आठवा महिना लागला होता. त्यामुळे यंदा आमच्याकडे साड्या-सदऱ्यांची खरेदी मागे पडली आणि झाडून सगळं गणगोत लहान मुलांच्या कपड्यांवर तुटून पडलं. मीही लक्ष्मी रोडवर गेले. दुकानदाराने सवयीने विचारलं, "मुलगा की मुलगी, ताई?"

"अहो, ते सांगायला बंदी आहे. 1994 चा कायदा आहे. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर पाटी असते."

"तेच म्हणतो," असं म्हणून त्यांनी फळीवरून गठ्ठा ओढला. "म्हणून पिवळं घ्या."

आपल्या कायद्यापायी निम्मी बाळं हळदीला बसल्यासारखी दिसतील, हे सरकारच्या ध्यानीमनीही नसेल. शिवाय कायदा डॉक्टरांना लागू, आत्याबाईंना नाही. डोहाळजेवणात भाचीने झाकलेल्या दोन वाट्यांतली एक उचलली, तर खाली पेढा नाही, बर्फी निघाली. तेव्हापासून तिच्या आत्येसासूबाई गुलाबी लोकर घेऊन बसल्या आहेत.

खरी मेख मापात आहे. शून्य नंबरचं झबलं तळहातावर मावतं, ते पाहून बायकांना भरून येतं, आणि भरून आलेली बाई माप बघत नाही. बाळ मात्र पाचेक महिन्यांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट होतं. म्हणजे पहिल्या महिन्यासाठी ढीगभर झबली आणि पुढे उघडं बाळ! मग आमच्या धाकट्या जाऊबाईंसारखं कुणी शहाणं माणूस 'वाढत्या अंगाचं' म्हणून सहा महिन्यांच्या मापाचा स्वेटर आणतं. बाळ डिसेंबरात येणार. त्याला तो स्वेटर मापात बसेल तेव्हा जून उजाडलेला असेल. कपडे घेताना माप आणि महिना यांची बेरीज करावी लागते, आणि सणाच्या गर्दीत ती कुणी करत नाही.

सराफाकडे माप नाही, वजन बघतात. मी वाळे हातात घेऊन बघितले: चांदी नाजूक, फिरकी ढिली आणि घुंगरू वाटाण्याएवढं. बाळाच्या तोंडात जायला अगदी बेताचं. पण वाळ्यांची गंमत अशी, की ते बाळ घालतच नाही. बारशाला फोटोपुरते चढतात, 'किती भाराचे?' एवढी चौकशी होते आणि मग ते कपाटात जातात, थेट पुढच्या पिढीपर्यंत.

बाकीच्या भेटी बालरोगतज्ज्ञांच्या नाकावर टिच्चून येतात. चांदीच्या वाटी-चमच्यासोबत चाटवायला मध येतो. वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा लावू नका असं डॉक्टर सांगतात, कारण त्यात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि कोवळ्या आतड्यांना ते भारी पडतात. "आम्ही नाही का जगलो?" हे त्यावरचं उत्तर ठरलेलं. दुधाच्या बाटल्यांचा सेट येतो. या बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बंदी आहे, पण मामेसासूबाईंना जाहिरात लागतेच कुठे? आणि चाकांचा वॉकर येतो. कॅनडाने 2004 साली तो विकायलाच बंदी घातली, अगदी जुनापुराणासुद्धा. त्यापेक्षा आपला लाकडी पांगुळगाडा बरा, त्यात मूल निदान स्वतःच्या पायावर उभं राहून गाडा ढकलतं.

या सगळ्यात ज्या बाईला कूस बदलायलाही आधार लागत होता, तिला काय हवंय हे कुणी विचारलं नव्हतं. तिच्यासाठी डिंकाचे लाडू ठरलेले, तेही चार घरांतून. जावयाला तर नुसता सल्ला मिळत होता. शेवटी मी फोन करून सरळ विचारलं.

"मावशी, खरं सांगू? दोरी दे."

"कसली गं दोरी?"

"लंगोट वाळत घालायला. डॉक्टर म्हणाले दिवसाला सहा-आठ तर होतीलच, आजी म्हणते वीस धर. वर दुपटी. गॅलरीत मुळी चार हात जागा आहे, त्यात आकाशकंदील."

मग मी आणि जावई जाऊन छताला टांगायचा, दोरी ओढली की खाली येणारा सहा दांड्यांचा स्टँड घेऊन आलो. त्याला रंगीत कागद गुंडाळता येत नाही. पाडव्याला जावयाने स्टुलावर चढून तो बसवला, दोनदा दोरी ओढून पाहिली, आणि त्या दिवाळीत पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू दिसलं.

बहिणीला मात्र लाज वाटली. "लोक वाळे देतात आणि तू वाळत घालायचं देतेस?"

बारशाला पाळण्याभोवती ही गर्दी होती. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. बघते तो थोरल्या वहिनी गॅलरीत एकट्याच उभ्या. वर लंगोटांच्या सहा रांगा, आणि वहिनी हळूच दोरी ओढून बघताहेत.

"कुठून घेतलास गं?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. "आमच्या सूनबाईचे जुलैत दिवस भरतात."

जुलै, म्हणजे ऐन पावसात. मी म्हटलं, "वहिनी, दोन घ्या."