फुकटचा गोरिला

आमच्या दाराला सेफ्टी डोअर आहे, आतून कडी, साखळी आणि वर भिंग. कुरिअरवाल्या पोराचीही आम्ही उलटतपासणी घेतो. घरातल्या कॉम्प्युटरवर मात्र कुणीही यावं आणि बस्तान मांडावं! मध्यंतरी पत्रिका जुळवायचं फुकट सॉफ्टवेअर उतरवलं. नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री. पत्रिका जुळली नाहीच, पण ब्राउझरवर दोन टूलबार वऱ्हाडासारखे उतरले, ते हलेचनात.

ही रीत जुनीच. अमेरिकेत बोन्झीबडी नावाचा जांभळा गोरिला लोकांच्या स्क्रीनवर फुकटात गायचा, विनोद सांगायचा. पालकांना न विचारता मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून २००४ मध्ये त्याच्या कंपनीला ७५ हजार डॉलर दंड भरावा लागला.

आता गोरिलाच्या जागी एक्स्टेंशन आलं. कूपन शोधून देणारं एखादं बसवताना ब्राउझर स्वतः बजावतो, की तुम्ही उघडाल त्या प्रत्येक साइटवरचं हे वाचू शकेल, बदलूही शकेल. सख्ख्या भावाला कपाटाची किल्ली न देणारे आपण वीस रुपयांच्या सवलतीसाठी ‘हो’ म्हणतो.

विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस आत फुकट बसलेला असतो. अपडेट मागितलं की आपण म्हणतो, ‘नंतर आठवण कर.’ पण ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये १७ व्हायरस!’ असं बोंबलत येणाऱ्या परक्या चौकटीवर लगेच विश्वास! म्हणजे भिंगातून बघायचं सोडून चोरालाच विचारायचं, ‘कडी नीट लागलीय ना हो?’