डावीकडून मान्यवर

बंगळुरूत सगळ्यात जास्त फोटो कुणाचे निघतात, यावर पैज लागली तर विधानसौधावर मी एक रुपया लावणार नाही. माझे पैसे बसवनगुडीच्या विद्यार्थी भवनातल्या वेटरच्या हातावर. 1943 सालचं हे हॉटेल. मनगटापासून दंडापर्यंत मसाला डोशांच्या बशांची उतरंड रचून वेटर निघाला, की टेबलाटेबलावरून मोबाइल वर होतात. हात येतो, डोसे येतात, लोण्याचा गोळासुद्धा येतो. चेहरा चौकटीबाहेर. नाव विचारायची तर पद्धतच नाही.

आता कार्तिकातला शेवटचा सोमवार घ्या. (पंचांगापुरता तरी महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद नाही, आपला कार्तिक तोच त्यांचा.) त्या दिवसाच्या मागेपुढे बुल टेंपल रस्त्यावर ‘कडलेकाई परिषे’ भरते. भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. बसवनगुडी हे सुंकेनहळ्ळी नावाचं खेडं होतं तेव्हा एक बैल शेंगांचं उभं पीक फस्त करायचा, म्हणून शेतकऱ्यांनी त्याला शरण जाऊन पहिलं पीक वाहायला सुरुवात केली, अशी कथा. तिथलं नंदीचं देऊळ बंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडाच्या काळातलं, म्हणजे सोळाव्या शतकातलं मानतात. आजही कोलार, चिंतामणी, मागडीकडची माणसं पोती घेऊन येतात, रस्त्याकडेला ढीग लावतात आणि ढिगाशेजारीच झोपतात. पाठोपाठ कॅमेरे येतात. शेंगांच्या राशीमागे सुरकुतलेली आजी दिसली रे दिसली, की लेन्सवाल्यांचं असं कडं पडतं की गिऱ्हाइकाला शेंगांपर्यंत पोचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात दोन फोटो. पहिल्यात उद्घाटन. खाली ओळ: डावीकडून अमुक, तमुक, तमुकांचे बंधू व अन्य मान्यवर. दुसऱ्यात आजी. खाली ओळ: ‘परिषेत शेंगा विकताना एक महिला’. दहा मिनिटं येऊन गेलेल्यांची नावं आडनावासकट, आणि दोन रात्री फुटपाथवर काढलेली ती ‘एक महिला’. मान्यवरांची नावं कार्यकर्ता स्वतः लिहून आणून देतो. आजीला कार्यकर्ता नाही, एवढाच काय तो फरक.

कन्नड पेपरांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. पाडव्याला गिरगावात नऊवारी, गॉगल आणि बुलेट. आषाढीला टाळ उंचावलेले ‘भक्तिरसात न्हालेले’ वारकरी. गेल्या वर्षीचाच फोटो पुन्हा छापला तरी संपादकासकट कुणाच्या लक्षात येणार नाही. बुलेटचं मॉडेल बदललं असेल तर गोष्ट वेगळी.

याच बंगळुरूत 1948 साली ‘डेक्कन हेरल्ड’ सुरू झाला, आणि टी. एस. सत्यन नावाचा म्हैसूरचा तरुण तिथे फोटोग्राफर म्हणून लागला. पुढे मुंबईला ‘इलस्ट्रेटेड वीकली’, मग स्वतंत्र काम, ‘युनिसेफ’साठी देशभर हिंडून काढलेली मुलं, 1977 साली पद्मश्री. पुढारी त्यांनीही टिपले, पण डोळ्यांसमोर राहतात ती शाळेतली, रस्त्यावरची, कामात गढलेली साधी माणसं. आपले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचंही तेच. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमागे ते गटारात उतरले, त्यांच्या घरांत गेले, एकदा नाही, वर्षानुवर्षं. ही प्रतिभा खरीच, पण तिच्याइतकंच यात रेंगाळणं आहे. आज फोटो काढायचा, उद्या रिकाम्या हाताने जाऊन चहा प्यायचा, परवा पुन्हा फोटो. आता रेंगाळण्याचा पगार कोणतं वर्तमानपत्र देतं, ते मला कळवा. मीच अर्ज करतो.

मे 2013 मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ने आपल्या सगळ्या 28 फोटोग्राफरांना एका सकाळी घरी पाठवलं. त्यांत पुलित्झर मिळवलेले जॉन व्हाइटही होते. मग बातमीदारांना आयफोनवर फोटो कसे काढायचे, ते शिकवलं. आपल्याकडे असा गाजावाजा करत नाहीत. फोटोग्राफर निवृत्त होतो, निरोपसमारंभाचा फोटो निघतो, आणि खुर्ची तेवढी भरली जात नाही. मग पेपरात चौकट येते: ‘वाचकहो, तुम्हीच पाठवा फोटो.’ मानधन काय, तर फोटोखाली पाठवणाऱ्याचं नाव. म्हणजे नाव छापायला जागा आहे. फक्त ती कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला आहे.

बसवनगुडीतल्या गांधी बाजारचंच बघा. 2022 च्या अखेरीपासून रस्ता नटवण्यासाठी खोदला. फुलं, भाजी, पूजेचं सामान घेऊन बसणाऱ्यांना उठावं लागलं, आणि काम सरकारी शिस्तीने लांबत गेलं. खोदलेल्या रस्त्याचे फोटो आले. जेसीबी तसा फोटोजेनिक असतो. नव्या फरशीचे येतात, वरून ड्रोनने काढलेले, त्यात रस्ता अख्खा दिसतो आणि माणूस एकही ओळखू येत नाही. पण कोपऱ्यावरची मोगरेवाली मधल्या काळात कुठे बसत होती, परत आली का, आणि तिच्या जागेवर आता कोण बसतं, हे टिपायला त्याच रस्त्याने दर आठवड्याला जाणारा एक माणूस लागतो. त्याला ड्रोन लागत नाही. चपला झिजतात, त्याचं बिल मंजूर होत नाही.

नाव विचारायला वेळ नसतो, असं कॅमेरेवाले सांगतात. गर्दी असते, भाषा येत नाही, प्रकाश जात असतो. पटण्यासारखं आहे. फक्त शेंगांचा भाव विचारताना यांतली एकही अडचण कुणाला येत नाही. घासाघीस तर अस्खलित कन्नडमध्ये चालते.