कळ कुठपर्यंत आली?

हात मोडला की माणसाची वट वाढते. गळ्यात झोळी, हाताला प्लास्टर, प्लास्टरवर भाचरांच्या सह्या. लोकलमध्ये लोक उठून जागा देतात. सायटिकाच्या नशिबी यातलं काही नाही. बाहेरून माणूस ठणठणीत, फक्त जरा एका अंगावर कललेला. त्यात त्याला बसवत नाही. चुकून कुणी जागा दिलीच, तर “नको, मी उभाच बरा” म्हणावं लागतं, आणि देणारा आपल्याकडे शिष्ट म्हणून बघतो.

आमच्या घरात या दुखण्यावरचा पहिला हस्तोपचार पायाने होतो. मावशीने फोनवरच निदान केलं, “उसण भरलीय रे. पायाळू बघ एखादा.” जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याचा पाय कमरेला लागला की उसण पळते, यावर तिचा रिझर्व्ह बँकेपेक्षा जास्त विश्वास. पूर्वी आळीत एखादा पायाळू असायचाच. आजही शंभरातली तीन-चार बाळं अगदी शेवटपर्यंत पायांवर अडून बसतात, पण डॉक्टर त्यातल्या बहुतेकांचं सिझेरियन करून मोकळे होतात, त्यामुळे पायाळूंची आवक घटली आहे. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत धुंडाळून एक निघाला, ‘सी’ विंगमधला सातवीतला मुलगा. मोठ्या माणसाला लाथ घालायची अधिकृत परवानगी त्याला जन्मात पहिल्यांदाच मिळत होती. त्याने रन-अप घेतला. आई ओरडली, “नुसता पाय लावायचा, राजा!” तेव्हा त्याचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं. उसण हलली नाही, कारण ती उसण नव्हतीच.

दोन मणक्यांमधल्या चकतीचा गर बाहेर सरकून शिरेच्या मुळावर टेकला होता. ही सायटिक शीर शरीरातली सगळ्यात जाड, जवळजवळ अंगठ्याएवढी. फिजिओथेरपिस्ट मुलीने भिंतीवरच्या चित्रात ती दाखवली तेव्हा मला मध्य रेल्वेचा नकाशाच दिसला. कमरेखाली पाच मुळं एकत्र येतात, मांडीमागून सरळ खाली जातात आणि गुडघ्याच्या वर कल्याणसारखे दोन फाटे फुटतात, एक कर्जतला, एक कसाऱ्याला. बिघाड सीएसएमटीला आणि बोंब कसाऱ्याला! तरी कळ पायाच्या अंगठ्यात जाते की करंगळीत, यावरून कुठल्या मुळावर दाब आहे याचा अंदाज येतो म्हणे.

तिने पहिलाच प्रश्न विचारला, “काका, लघवी-संडासवर ताबा आहे ना?” मध्ये फक्त पडदा, आणि पडद्याच्या पलीकडे मानेला शेक घेत आमच्या ऑफिसातले साहेब. पण हा प्रश्न थट्टेचा नाही. तिथे गडबड असेल किंवा बसायची जागा बधिर झाली असेल, तर चोळणं-रगडणं सोडून तडक रुग्णालय गाठायचं असतं. “आहे,” मी म्हणालो. साहेबही पलीकडे खाकरले. बहुधा समाधानाने.

मग तिने मला उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला. या चाचणीला पॅरिसच्या लासेग नावाच्या डॉक्टरांचं नाव आहे, पण १८८१ साली ती प्रबंधात लिहून काढली त्यांच्या विद्यार्थ्याने. म्हणजे तिथेही आपल्यासारखंच. पाय चाळीस अंशांवर आला आणि मी लासेगना मराठीत आठवलं.

“मशीन नाही लावणार?” मी विचारलं. आपल्याकडे मशीन लागल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. “नाही काका, हातानेच.” ऑस्ट्रेलियाच्या मेटलंड यांनी या हाताच्या कामाला ग्रेड लावून ठेवल्या आहेत. पहिलीत मणका इतका हलका दाबतात की रोग्याला शंका यावी. दुसरीत हेलकावा मोठा, तिसरीत तो अडतो तिथपर्यंत, चौथीत अडल्या जागीच बारीक बारीक दाब. पाचवी म्हणजे झटका आणि कडकन आवाज. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या पाण्यात वायूची पोकळी होते त्याचा असतो. कळ ताजी असताना पाचवी नको, असं तीच म्हणाली. तिच्या शिक्षणाबद्दलचा माझा आदर तिथे दुणावला. पण पुढे नितंबातला एक आखडलेला स्नायू सोडवायला तिने अंगठ्याऐवजी कोपर काढलं, आणि तो आदर थोडा उतरला.

घरचा अभ्यास निराळाच. खुर्चीत पोक काढून बसायचं, गुडघा सरळ करताना मान वर, दुमडताना मान खाली. शीर ताणायची नाही, नुसती आत मागेपुढे सरकवायची. कन्येने याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मावशीने विचारलं, “अंगात येतंय का याच्या?”

मला सगळ्यात आवडली ती मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टची हकिगत. १९५६ साली वेलिंग्टनला पायातल्या कळीने बेजार झालेल्या एका रोग्याला त्यांनी आत जाऊन पालथं झोपायला सांगितलं. टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रोग्यासाठी उचललेली राहिली होती. हा गृहस्थ तसाच, कंबर मागे वाकवून झोपला. ते पाहून मॅकेन्झी हादरले, पण रोगी म्हणाला, पायातली कळ गेली, कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. कळ पायातून वर कमरेकडे सरकत गेली तर ते सुधारल्याचं लक्षण, हे शहाणपण तिथून निघालं. भले मग कंबर आधीपेक्षा जास्त ठणको.

त्यामुळे आमचे संवाद असे होत.

“काका, कळ कुठपर्यंत येते?”

“पोटरीपर्यंत. पण कंबर फार ठणकतेय.”

“अरे वा! मस्त!”

एकदा ती सहज म्हणून गेली, “तसं बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत आपोआपही उतरतं.”

“मग तुझी फी?”

“तोवर तुम्हाला हलतं ठेवायची, काका. नाहीतर तुम्ही गादी सोडली असती का?”

सुधारणा होत गेली तशी पंचाईत वाढली. कळ घोट्यात, पोटरीत होती तोवर चारचौघांत सांगता येत होती. आता ती अशा ठिकाणी येऊन थांबली की मी स्टेशनांच्या नावांचा आधार घेऊ लागलो. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी विचारलं, “काय, आता कुठपर्यंत आलंय?”

“दादर सोडलंय.”

“म्हणजे नेमकं कुठे?”

बायको म्हणाली, “भावजी, सगळे बसलेत आणि हे एकटेच उभे आहेत, एवढ्यावरून ओळखा.”