कर्ण्यांचा कारभार

मनुष्यास संगीताची आवड असणे ही एक गोष्ट, आणि संगीत ज्यातून बाहेर पडते त्या यंत्राची आवड असणे ही अगदी निराळी. पहिल्या आवडीचा मनुष्य रेडिओच्या खरखरीतूनही अब्दुल करीम खाँसाहेबांचा षड्ज टिपून डोळे मिटून घेतो, तर दुसऱ्या आवडीचा मनुष्य तोच षड्ज लागताच मिटलेले डोळे उघडतो, मान किंचित कलती करतो आणि ‘पाचशेच्या आसपास काहीतरी फुगल्यासारखे वाटते’ असे पुटपुटत पेचकस शोधू लागतो. मी या दुसऱ्या वर्गातला आहे. हा वर्ग संख्येने अल्प असला तरी जागा मात्र फार व्यापतो.

माझ्या ताब्यातील कर्ण्यांची जोडी ही अमेरिकेतील आल्टेक लान्सिंग कंपनीच्या ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ या मालिकेतली, ए-सेव्हन जातीची. एका बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या भंगारातून ती माझ्याकडे आली. चित्रपटगृहाच्या पडद्याला बारीक छिद्रे असतात आणि आवाज त्या छिद्रांतून येतो, ही गोष्ट सामान्य प्रेक्षकाच्या खिजगणतीतही नसते. नायिका विरहाने व्याकूळ होऊन गाते आहे अशा समजुतीने तो रुमाल काढतो, आणि प्रत्यक्षात गात असतो तिच्या पाठीमागे अंधारात उभा असलेला राखाडी रंगाचा पेटारा.

या पेटाऱ्यांची कुळकथाही ऐकण्याजोगी आहे. बोलपट आले तेव्हा वेस्टर्न इलेक्ट्रिकची ध्वनियंत्रे चित्रपटगृहांत बसविण्यात आली; त्यांची देखभाल करणाऱ्या मंडळींनी १९३७ साली आल्टेक ही स्वतंत्र पेढी काढली, १९४१ मध्ये जेम्स लान्सिंग यांचा कारखाना विकत घेऊन लान्सिंगसाहेबांसकट त्यांचे नावही आपल्या नावाला जोडले, आणि १९४५ च्या सुमारास ही मालिका बाजारात आणली. पुढच्याच वर्षी खुद्द लान्सिंगसाहेब तेथून बाहेर पडले व त्यांनी आपले स्वतंत्र दुकान थाटले, तेच आज जेबीएल या आद्याक्षरांनी ओळखले जाते. म्हणजे भाऊबंदकी ही काही आपल्याकडच्या वतनदारांचीच मिरास नव्हे.

पेटारा साडेतीन फूट उंच, अडीच फूट रुंद आणि दोन फूट खोल. त्यात खर्जासाठी १५ इंची कागदी शंकू, आणि माथ्यावर ओतीव अॅल्युमिनियमचा रुंद तोंडाचा कर्णा, ज्याच्या मागच्या टोकाला अवघ्या पावणेदोन इंची वेटोळ्याचा इवलासा पडदा लपलेला. कर्णा स्वतः काहीच वाजवीत नाही. चिंचोळ्या गळ्यातील दाबलेल्या हवेची थरथर तो बाहेरच्या ऐसपैस हवेपर्यंत बेताबेताने पोचवितो आणि श्रेय घेतो, थोडक्यात तो मुखत्यार आहे. परंतु या मुखत्यारीचा प्रभाव असा, की १ वॅट वीज दिली असता १ मीटर अंतरावर सुमारे १०० डेसिबेलचा आवाज निघतो. म्हणजे घरातल्या जरा चढ्या बोलण्याइतका, ७० डेसिबेलचा आवाज हवा असेल तर वॅटचा हजारावा हिस्सा पुरे.

असे हे दोन पेटारे दिवाणखान्यात दाखल होताच सोफा बेदखल झाला, हे ओघानेच आले. सौभाग्यवतींनी कोणतीही हरकत नोंदविली नाही. त्यांनी फक्त पाहुणे आले असता त्यांना उभ्यानेच चहा देण्याचा शिरस्ता सुरू केला. तळमजल्यावर राहणारे निवृत्त मामलेदार रावसाहेब यांनी मात्र लेखी अर्ज दिला: ‘सदरहू इसमाने आपले राहते जागेत चित्रपटगृहाचे जंगम जिन्नस कायम केले असून त्यायोगे आमचे मांडणीवरील कपबशा जागेवरून सरकतात, सबब योग्य तो बंदोबस्त व्हावा.’ अर्जाची भाषा इतकी निर्दोष होती, की ती वाचून मला सरकारी नोकरी न केल्याची हळहळ वाटली.

आता सुधारणा. जुन्या कर्ण्याची सुधारणा म्हटली की सल्लागारांची वाण पडत नाही. माझ्या एका ध्वनिभक्त मित्राचा आग्रह असा, की खर्जाची आणि तीव्र स्वरांची वाटणी करणाऱ्या पेटीतील जुने कपॅसिटर काढून तेथे चांदीच्या वर्खाचे बसवावेत, म्हणजे ‘सुरांना पारदर्शकता येईल’. कपॅसिटर जुने झाले की त्यांचे मूल्य बदलते आणि ते बदलावे लागतात, हे खरे. पण त्यासाठी साधे पॉलीप्रॉपिलीनचे पुरतात, आणि चांदी अंगावर घालण्यासाठी किंवा पानाच्या डब्यासाठी राखून ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे. मित्राने आपले चांदीचे आणले, डाख देऊन एका कर्ण्याला ते आणि दुसऱ्याला साधे अशी जोडणी केली, आणि डोळे बांधून परीक्षेला बसला. पारदर्शकता त्याला वारंवार साध्या कपॅसिटरच्या बाजूने आढळली. तेव्हापासून तो माझ्या घरातील विजेलाच दोष देतो.

खरी करामत स्वस्तातल्या गोष्टींत आहे. हा ओतीव कर्णा बोटाच्या पेराने ठोकला तर देवळातल्या घंटेसारखा घणघणतो, आणि गायिकेने तार षड्ज लावला की तोही आपल्या परीने साथ करतो. त्यावर इलाज म्हणजे मोटारीच्या दरवाज्यांना आतून लावतात त्या डांबरी पट्ट्या कर्ण्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटविणे. पट्ट्या लावून मी पुन्हा ठोकले, तेव्हा नुसता ‘ठप्’ असा आवाज आला. आई शेजारीच जपमाळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, “अरे, चांगली वाजत होती की रे! मुकी कशाला केलीस?”

याहून नाजूक प्रकरण म्हणजे माथ्यावरचा कर्णा मागेपुढे सरकवून वरचा आणि खालचा आवाज एकाच क्षणी कानी पोचेल असे करणे. १९३० च्या दशकात एमजीएमच्या चित्रनिर्मितीगृहात एलिनॉर पॉवेल या नर्तिकेच्या टॅप नृत्याचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येऊ लागला, कारण खर्जाचा कर्णा लांबलचक असल्यामुळे त्यातला आवाज उशिरा पोचे, अशी कथा या धंद्यात सांगतात. त्यातूनच तेथील डग्लस शिअरर आणि जॉन हिलियर्ड यांनी आखूड खर्जकर्ण्याची नवी रचना उभी केली. ध्वनी एका सहस्रांश सेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर चालतो. म्हणजे हातभर अंतराची हयगयही तबल्याच्या चाटीला डग्ग्यापासून फारकत देऊ शकते.

याची युक्ती अशी. सेकंदाला ५०० आवर्तनांच्या ज्या स्वरावर वरच्या-खालच्या दोघांची हद्द मिळते, तोच एक स्वर अखंड लावायचा. वरच्या कर्ण्याच्या दोन तारा मुद्दाम उलट्या जोडायच्या. आणि आपण खुर्चीत बसून दुसऱ्याकडून कर्णा बोटबोट मागे सरकवायचा. दोन्ही आवाज जेथे बरोबर एकमेकांस रद्द करतील, तेथे स्वर एकाएकी तळाला जातो. त्या ठिकाणी खडूची खूण करायची आणि तारा पुन्हा सुलट्या जोडायच्या. भाच्याला मी कर्णा सरकविण्याच्या कामी तैनात केले. आम्ही अगदी तळाशी येऊन पोचलो की कुकरची शिट्टी होई, आणि भाचा विचारी, “मामा, आता हे मोजायचं का?” सबंध संध्याकाळ तोच एक स्वर ऐकून रावसाहेब वर आले, आणि युद्ध वगैरे जाहीर झाले आहे काय, अशी त्यांनी रीतसर पृच्छा केली.

खूण मिळाली, तारा सुलट्या झाल्या, आणि मी तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण लावले. जवारीचा तो रुणझुणणारा झोत, जो एरवी डोक्यावर आणि गुडघ्यावर अशा दोन ठिकाणांहून येत असे, तो समोर एका जागी उभा राहिला. रावसाहेब चौकटीतच थांबले. मग दुसरी खुर्ची नसल्यामुळे पेटाऱ्याच्या कडेला टेकून त्यांनी हिराबाई बडोदेकरांची तबकडी लावण्याची फर्माईश केली, आणि ऐकताना त्यांच्या खालच्या मजल्यावरील कपबशांचा विषय एकदाही काढला नाही. अर्ज मात्र त्यांनी मागे घेतलेला नाही. तो दप्तरी दाखल आहे.

एवढे झाल्यावर उरते ती खोली. इतक्या संवेदनशील कर्ण्यांना ध्वनिवर्धकाची ५० आवर्तनांची गुणगुण आणि फ्रिज सुरू होतानाचा खटका हेही गाण्याइतक्याच आस्थेने ऐकवायचे असते. त्यामुळे अर्थिंगची जोडणी एकाच ठिकाणी आणणे आणि फ्रिज दुसऱ्या भिंतीवरील प्लगवर नेणे हे स्वयंपाकघराशी तह करूनच साधावे लागले. समोरच्या भिंतीवर गोधड्या आल्या, मागच्या भिंतीला पुस्तकांची कपाटे गेली, खाली जाड सतरंजी आली. या सर्वांचा माझा हिशोब असा, की कर्ण्यावर केलेल्या खर्चापेक्षा कर्ण्याच्या भोवतीच्या फुकट फेरफारांनी आवाज कितीतरी अधिक सुधारला. कारण ही यंत्रे शेकडो माणसांच्या सभागृहासाठी जन्मली आहेत, ती आपल्या खोलीस जुळवून घेत नाहीत, खोलीलाच त्यांची ताबेदारी पत्करावी लागते.

तेव्हा सुज्ञ वाचकांस विनंती, की त्यांच्या माहितीत उंच आढ्याचा, जाड भिंतींचा, निकट शेजार नसलेला एखादा वाडा रिकामा असल्यास त्यांनी अवश्य कळवावे. कर्णे तेथे ठेवून देण्याचा माझा विचार नाही. त्यांच्यासोबत आम्ही सहकुटुंब राहावयास येऊ. आईची संमती आहे, सौभाग्यवतींची अट फक्त सोफ्यापुरत्या स्वतंत्र खोलीची आहे, आणि भाडे रास्त असावे.